पक्क्या रस्त्याचा चिखल

अमेरिकेतल्या इलिनॉयच्या माळरानावर घोड्यावरून गावोगावची कोर्टं करून करून वकील हायरम टॅलबट थकले होते. विधानसभेचे सभासद झाले, तरी नशिबातलं खोगीर काही सुटलं नव्हतं. त्या सकाळी ते कोर्टात शिरले तेच गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून. त्यांच्या अशिलावर घोडाचोरीचा आळ होता. वकील उभा राहिला नाही, तर तो बिचारा फासावरच जाणार होता.

न्यायाधीश प्रेंटिस कडाडले, "असला चिखल घेऊन कोर्टात? हा कोर्टाचा अपमान आहे! चालते व्हा!"

टॅलबटांनी आपल्या बुटांकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "साहेब, तुमच्या देखरेखीखाली झालेल्या नव्या दगडी रस्त्यानं आलो मी, घरापासून थेट इथवर. रस्ता पक्का झाला, असं तुम्हीच विधानसभेला कळवलंत. आता हा चिखल आहे असं कोर्टाचं म्हणणं असेल, तर मला विधानसभेत तसं सांगावं लागेल."

बाकांवरची माणसं माना खाली घालून हसू लागली. प्रेंटिसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मला तर कुठं चिखल दिसत नाही," ते पुटपुटले. "चालवा खटला."

संध्याकाळी अशील सुटला. टॅलबट मात्र कोर्टाच्या पायरीवर बसूनच राहिले. घरी जायचं होतं, आणि तेही त्याच पक्क्या रस्त्यानं.