दोन पावलं पलीकडे

समाजकार्य विद्यापीठाच्या नव्या इमारतीचं भूमिपूजन होतं. अध्यक्ष रावसाहेब रणनवरे यांनी कुदळ उचलली आणि पहिल्याच घावात मातीत रुतवली. टाळ्या कडाडल्या, तसे रावसाहेब फुशारले.

"समाजसेवा अंगातच असावी लागते! ती शिकायला वर्षानुवर्षं इथे राहायचं कशाला? मुलींचं वसतिगृह नकाशातून काढून टाका."

खणणाऱ्या मजुरांमधल्या सगुणाबाईने ते ऐकलं आणि हातातली पाटी खाली ठेवली. वसतिगृह नसेल, तर तिची लेक उज्ज्वला गावाहून येऊन शिकणार कशी? पदर खोचून ती पुढे आली.

"सायेब, हात लई भारी तुमचा! आता दोन पावलं पलीकडं मारा की."

रावसाहेबांनी हसत घाव घातला. कुदळ टणकन उडाली. आणखी दोन घाव घातले, तरी मुरमाचा टवका निघेना.

"असं कसं?" ते घाम पुसत म्हणाले.

"पयल्या जागी आमी दोन दिस पाणी जिरवलं व्हतं, सायेब. तवा कुठं तुमच्या जोरापुढं जमीन नमली. पोरींच्या अंगातबी सेवा हाय, पर तिच्यावरबी आधी कुणीतरी मेहनत घ्याया नको का?"

मांडवात हशा पिकला. रावसाहेब गोरेमोरे झाले, मग स्वतःही हसले.

"राहू द्या वसतिगृह. बाई, त्याची कुदळ तुम्हीच मारा."

सगुणाबाईने कुदळ घेतली नाही. ती आधी पाण्याची बादली आणायला गेली.