तिमव्वाची रेघ

निमसोंड गाव टेकाडावर वसलंय आणि गावाचं संग्रहालय तिथल्याच जुन्या चावडीत आहे. टेकाडाच्या पायथ्याशी काळ्या दगडाचा खांब आहे, त्याच्यावर माणसाच्या डोक्याहून हातभर उंच एक आडवी रेघ कोरलेली. शेजारी पाटी लावलीय, पण नुसती पाटी वाचून सगुणाआत्या कुणाला हलू देत नाहीत. संग्रहालयाची किल्ली त्यांच्याच कमरेला असते. शाळा सुरू झाल्यापासून आत्या अनवाणी हिंडत होत्या. सहलीला आलेली पोरं त्यांच्या पायांकडं बघायला लागली, तशा त्या म्हणाल्या, "वहाणा आहेत माझ्या, वर संग्रहालयाच्या कपाटात. आधी ऐका, मग पाय बघा."

फार पूर्वी गाव खाली नदीकाठाला होतं, असं सांगतात. एका पावसाळ्यात पूर आला आणि त्यात तिमव्वा वडारणीची नागू गेली. सहा वर्षांची पोर. पाणी ओसरलं तसं लोकांनी पुन्हा तिथंच कुडाची घरं उभी केली. एवढं पाणी काय दरसाल येतंय होय, म्हणाले. तिमव्वाला मात्र ते सहन झालं नाही. तिनं छिन्नी-हातोडा घेतला, पाणी चढलं होतं तिथं खांबावर रेघ कोरली आणि पण केला: गावातलं एकूण एक पोर या रेघेला हात लावील, तोवर पायात वहाण घालणार नाही.

मग ती एकेका पोराला उचलून धरायची आणि वदवून घ्यायची, "इथवर पाणी आलं होतं." लोक म्हणायचे, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. तिनं मनावर घेतलं नाही. उन्हात पाय भाजले, काट्यांनी चाळण झाली, पण बाई हटली नाही. असली चिवट बाई गावानं पुन्हा पाहिली नाही, म्हणे. शेवटी एकच पोर राहिली, पाटलांची नात. पाटील म्हणाले, "वडारणीचा हात आमच्या पोरीला लागायचा नाही."

दोन पावसाळे असेच गेले. तिसऱ्याला पाणी पुन्हा चढलं. मोठी माणसं भांडीकुंडी गोळा करत बसली, पण पोरांना रेघ ठाऊक होती. त्यांनी आई-बापांना हाताला धरून ओढत टेकाडावर नेलं. सगळ्यात मागून पाटील आले, छातीएवढ्या पाण्यातून, नातीला खांद्यावर घेऊन. खांबापाशी त्यांचा पाय सुटला. तिमव्वा खाली उतरलेलीच होती. पाटलांनी नात तिच्या हातात दिली. तिनं पोरीला वर उचललं, पोरीचा हात रेघेला लागला आणि वरच्या माणसांनी तिला ओढून घेतलं. मागून पाटलांना आणि तिमव्वालाही काढलं. त्या पुरात एकही जीव गेला नाही. पुढं पाटलांनी नव्या वहाणा करवून आणल्या आणि स्वतः वाकून तिच्या पायांपुढं ठेवल्या, असं सांगतात.

आजही रेघेच्या खाली निमसोंडात एक घर नाही. आणि पहिलीतलं शेवटचं पोर रेघेला हात लावीपर्यंत संग्रहालय सांभाळणारं माणूस वहाण घालत नाही.

"मग यंदा कोण राहिलंय?" सहलीतल्या एका मुलीनं विचारलं.

"पोल्ट्रीवर कामाला आलेल्यांची रुबिना. तापात होती. आमची शहाणी माणसं म्हणतात, ती कुठं आपल्या गावची, घाला की वहाणा. मी म्हटलं, पाणी काय गाव विचारून येतंय?"

सहल परत निघाली, तेवढ्यात रुबिनाची आई तिला कडेवर घेऊन आली. पोर तापानं सुकली होती. आत्यांनी तिला उचललं. गुडघे दुखत होते, तरी नीट वर धरलं. रुबिनानं रेघेवर पंजा ठेवला आणि आत्यांनी शिकवलं तसं हळूच म्हणाली, "इथवर पाणी आलं होतं."

आत्यांचे डोळे भरले. तिला आईकडं देऊन त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि सहलीतल्या त्या मुलीच्या हातात दिली.

"जा बाई," त्या म्हणाल्या, "कपाटातल्या माझ्या वहाणा आण."