तिमाप्पाची अर्धी पायरी

कातळवेढ्याच्या बारवेला एकोणीस पायऱ्या आहेत. अठरा पुऱ्या आणि वरून अकरावी तेवढी अर्धी. नवखा माणूस तिथे हमखास अडखळतो आणि चिडून विचारतो, ही मेली अशी का ठेवलीय? गावाला मनातून आनंद होतो. गाव त्या प्रश्नाची वाटच बघत असतं. या, टेका जरा, सांगतो.

फार वर्षांपूर्वी इथे बारव नव्हती, पाणीही नव्हतं. तिमाप्पा नावाचा विहीर खणणारा तेव्हा इथे राहायचा. जमिनीला कान लावून पाणी किती खोल आहे ते तो सांगायचा, असं म्हणतात. एकदा तो आणि त्याचा धाकटा भाऊ दुर्गाप्पा इथेच विहीर खणायला उतरले आणि दरड कोसळली. दोघांच्या मध्ये दगडांचा ढीग पडला. पलीकडून दुर्गाप्पा पहार वाजवायचा, टक टक टक, म्हणजे मी आहे. अलीकडून तिमाप्पा तसंच उत्तर द्यायचा. दीड दिवस हे चाललं, मग पलीकडची पहार थांबली.

गावाने तिमाप्पाला मोडक्या पायानिशी जिवंत काढलं, पण तो आवाज त्याच्याबरोबर वर आला. घास उचलला की टक टक, डोळा मिटला की टक टक.

चंद्राअक्का गावची सुईण, वैदीणही तीच. अडलेल्या बाईसाठी, ठणकत्या दाढेसाठी तिच्याकडे अफू असायची. गुंजेच्या लाल बिया तागडीत टाकून ती अफू तोलायची. पायाच्या दुखण्यावर तिने तिमाप्पाला एक गुंज अफू दिली. पाय गप्प झाला आणि नवल म्हणजे आवाजही गप्प झाला. मग काय विचारता! एकीच्या दोन झाल्या, दोनांच्या चार. पाय केव्हाच बरा झाला, पण वर्षभरात तो रोज अठरा गुंजांवर गेला. अक्काने हात आखडला की तो बाजार गाठायचा. बायको लेकरं घेऊन माहेरी गेली, तेही त्याला दोन दिवसांनी कळलं.

आपल्याच औषधाने काय केलं, ते अक्काला नजरेसमोर दिसत होतं. एक दिवस ती त्याच्या दारात येऊन बसली.

"तिमा, त्यो आवाज येतो तरी कुठनं?"

ऐकू नको, मनावर घेऊ नको, असं सगळ्यांनी त्याला सांगितलं होतं. हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. आणि जमिनीला कान लावणाऱ्या या माणसाने त्या आवाजाला कधी कान लावलाच नव्हता!

"खालनं," तो म्हणाला. "पर खालनं कुठनं, ते ठावं न्हाई."

"मग बघूया की."

पण त्या कोसळलेल्या विहिरीच्या काठाशी गेला की तो मागे फिरायचा. म्हणून ठरलं असं, की एकदम उतरायचं नाही. कडेने कातळात पायरी खोदायची. एक पायरी पुरी झाली की एक गुंज कमी. मोजणं अक्काकडे, खोदणं तिमाप्पाकडे. वरच्या पायऱ्यांवर आजही हात फिरवून बघा, छिन्नी कशी वेडीवाकडी गेलीय ते कळेल. त्याला घाम फुटायचा, नाक गळायचं, पोट बिघडायचं. गावकरी दगडमातीच्या पाट्या वर ओढायचे. दहा पायऱ्या झाल्या, आठ गुंजा उरल्या.

उन्हाळा तोंडावर आला होता, बायका पाण्यासाठी दीड कोस चालत होत्या. आणि अक्काला घाई झाली. तिने आठाच्या जागी पाचच गुंजा अफू दिली आणि वजन भरायला तिच्यात गूळपीठ मळलं. तिमाप्पाला सांगितलं नाही. तिला वाटलं, त्याच्या भल्याचंच आहे.

त्या दिवशी तो अकरावी पायरी खोदत होता. अंगाला कापरं भरलं, आवाज कधी नव्हे एवढा मोठा झाला. गोळी तर पुरी घेतलेली! मग हे काय? दुर्गाप्पा बोलावतोय, असं त्याच्या मनाने घेतलं. छिन्नी टाकून तो बाजारात पळाला आणि मिळेल तेवढी अफू गिळून बसला. माणसांनी आणला तेव्हा श्वास जेमतेम चालू होता. तीन दिवस अक्का त्याला हलवत, हाका मारत, जागं ठेवत उशाशी बसून होती.

तो शुद्धीवर आला तशी ती रडत म्हणाली, "मी तुला फसवलं रं. गुळाची भर घातली." आणि तागडी, गुंजा, सगळं त्याच्या हातात दिलं. "आता तूच तोल."

तिमाप्पाला राग आला नसेल? आला. महिनाभर तो तिच्याशी बोलला नाही. पण रोज स्वतःच्या हाताने आठ गुंजा तोलत राहिला, नववी टाकली नाही. मग एका सकाळी तिला घेऊन खाली उतरला. अक्का म्हणाली, "ही अर्धी ऱ्हायलेली पुरी कर आधी."

"न्हाई," तो म्हणाला. "चूक अर्धी तुझी, अर्धी माझी. ऱ्हाऊ दे तशीच."

आणि त्याने बारावीला हात घातला.

एकोणिसावी पायरी झाली त्या दिवशी तागडीत टाकायला गुंज उरली नव्हती. आवाज आता थेट समोरच्या कातळातून येत होता. तिमाप्पाने कान लावला, किती तरी वेळ लावला, आणि मग पहारेने उत्तर दिलं, टक टक टक. कातळ फुटला आणि माणसाच्या छातीच्या उंचीवरून पाणी उसळलं. ते हाताच्या तळव्याएवढं कोमट होतं, असं म्हणतात. त्यानंतर तो आवाज त्याला कधी आला नाही. दुर्गाप्पा बोलावत होता की पाणी, यावर गाव अजून भांडतं. पहिली घागर मात्र माहेराहून परतलेल्या बायकोने भरली, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

कातळवेढ्यात अजूनही औषध काय आहे आणि किती आहे, हे दुखणेकऱ्याला सांगितल्याशिवाय देत नाहीत. अक्षय्य तृतीयेला बारव उपसतात, पायऱ्या घासतात, पण अकरावीला कुणी छिन्नी लावत नाही. दारू सोडताना घसरलेला, लढाईवरून आलेला, लेकरू गेलेली, अशी माणसं त्या अर्ध्या पायरीवर येऊन बसतात. पाण्याला निघालेलं माणूस त्यांना काय झालं म्हणून विचारत नाही. घागर बाजूला ठेवून शेजारी टेकतं आणि विचारतं, "काय ऐकू येतंय?"

उत्तर मिळेपर्यंत घागर भरायची नाही, असा गावाचा रिवाज आहे. कधीकधी घागर संध्याकाळपर्यंत रिकामी राहते.