बांधावरची कणसं

एकदा एका सुनेने, द्वारकेने, शेतातल्या देवीपुढे नेम केला होता. "बियाण्याची कणसं मीच निवडीन, आणि ज्वारीचा एकरी उतारा वाढेपर्यंत मंगळवारी अन्नाला शिवणार नाही." वर्षे सरली. उपास वाढले, उतारा तसूभर हलला नाही.

यंदाही सुगीआधी तिने टपोरी कणसे खुडली, हळदकुंकू वाहिले आणि बियाण्याची पारख शिकवणाऱ्या वृद्ध गणूआप्पांकडे नेली. आप्पांनी फडके सोडले, कणसांवरून नजर फिरवली आणि सगळी बैलापुढे टाकली.

द्वारकेच्या अंगाचा तिळपापड झाला. "आप्पा, देवीला वाहिलेली होती ती. माझे उपास काय तुमच्या बैलासाठी होते?"

"उपास खरा आहे, पोरी. निवड खोटी. कुठून खुडलीस?"

"बांधाकडून. मोठी तिथंच येतात. सासूबाईही तिथलीच घ्यायच्या. आत पानं अंग कापतात."

"बांधाकडच्या धाटाला मोकळं ऊन, गुरांचं शेण, पाटाचा पाझर. त्याच्या जागी काठी रोवली तर तीही फुगेल," आप्पांचा आवाज चढला. "तो मोठेपणा जागेचा, बियाण्याचा नव्हे. ते आत पेरलंस की ढेपाळतं. आणि हे तुझ्या एकटीचं नाही. परवा शिवार बघायला पाहुणे यायचे होते, तेव्हा गावच्या पुढाऱ्यांनी रस्त्याकडेच्या पट्ट्यात सगळं खतपाणी ओतलं. तेवढंच दाखवून शिवार सुधारलं म्हणून हार घालून घेतले. आतल्या तहानलेल्या रानात एकानं पाऊल टाकलं नाही. चहूबाजूंनी दाटी असून, वाट्याला आलं तेवढ्यावर जे कणीस दाणा भरतं, त्याचं बी धर. वाढ तिथून होते."

त्या पाहुण्यांना कुंकू द्वारकेनेच लावले होते. संताप निवला नव्हता, पण आता तो आप्पांवर राहिला नव्हता.

तिने शेत गाठले, पदर खोचला आणि ती पिकात शिरली. पाती दंडाला चरचर कापत होती. ऐन मध्यात, दाटीत उभे असलेले एक बेताचे कणीस तिने मुठीत धरले. दाणे घट्ट, ठासून भरलेले होते.

"देवी, नेम तोच," ती पुटपुटली, "निवड मात्र इथली."

बायांनो, यंदा बियाणे धराल तेव्हा तुम्हीही एवढा नेम करा. बांधावर थांबू नका, आत चला. आणि कुणी शिवार सुधारल्याचे सांगू लागला, तर त्यालाही हाताला धरून आत न्या.