कालवणाची ओ

त्या राज्यात पदार्थ मुके नव्हते. घास उचलण्याआधी जेवणाऱ्याने ताटातल्या पदार्थाला नावाने हाक मारायची, पदार्थाने ओ द्यायची आणि मगच हात पुढे करायचा, अशी रीत होती. ओ आली नाही तर ते अन्न परक्याचं समजत. कितीही भूक असली तरी त्याला कुणी शिवत नसे.

एके दिवशी बंदरावर करी उतरली. ही मूळची दक्षिण किनाऱ्यावरच्या एका साध्या घरातली. भाताशेजारी जे काही तिखटमीठ लावून शिजवलेलं वाढत, त्याला त्या घरात करी म्हणत. एवढाच तिचा संसार. गलबतांवरून आलेल्या व्यापाऱ्यांनी तिला समुद्रापार नेलं, तिथे एका पिवळ्या पुडीला तिचं नाव दिलं आणि परत आली ती मखमली झगा घालून. राज्याने तिच्यासाठी चिनी मातीच्या बशांचं भोजनगृह बांधलं. घरच्या माणसाला परक्यांनी नावाजलं की मग आपल्यालाही त्याचं कौतुक सुचतं, तशातली गत.

भोजनगृहाच्या दारवानाने बाकीच्या सगळ्या पदार्थांना बजावलं, "पाहुण्यांच्या जिभेवर एकच नाव बसलंय. आत यायचं असेल तर करी म्हटल्यावर ओ द्यायची. आपापली नावं बाहेर ठेवा."

रस्सा आधी शिरला. त्याला मिरवायची हौस होतीच. आमटीने थोडे आढेवेढे घेतले आणि तीही गेली. मागे राहिलं कालवण. त्याला पहिल्यापासूनच स्वतःची लाज वाटे. अंगाला येणाऱ्या मासळीच्या वासाची, काळ्या मडक्याची, लोक आपल्याला भातात बोटांनी कालवतात याचीसुद्धा. तेही गेलं. पुढे कधी मागच्या दाराशी एखादी कोळीण जुन्या नावाने हाक मारी, तेव्हा ते खाली मान घालून गप्प बसे. पुढे पुढे मान घालायचीही गरज उरली नाही.

एकदा करी त्याच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "तुझं नाव मी मागितलं नव्हतं रे. मी आईकडे जाऊन आले. तिने हाक मारली, मी ओ दिली, तर म्हणते, तू कोण बाई?" एवढं बोलून तिने झगा गुडघ्यांवर ओढून घेतला. कालवणाला तिच्याकडे बघवेना.

त्याच सुमारास खाडीकाठचा धर्माबा नावाचा म्हातारा कोळी अंथरुणाला खिळला. त्याने अन्न सोडलं होतं. पोटात चार घास गेले तर म्हातारा तगेल, नाहीतर कठीण आहे, असं वैद्य सांगून गेला. म्हाताऱ्याचा मात्र एकच हट्ट, कालवण हवं. त्याची सून पारू घरोघर हिंडली, पण त्या नावाचं आता कुणाच्या चुलीवर काही नव्हतं. शेवटी ती भोजनगृहाच्या मागच्या दाराशी गेली, वासावरून तिने त्याला ओळखलं आणि पातेलं भरून घरी आणलं.

"मामंजी, बगा कोन आलंय," असं म्हणत तिने भातावर वाढलं.

धर्माबा कोपरावर टेकून उठला. वास येताच त्याचे डोळे भरून आले.

"कालवणा," त्याने हाक मारली.

कालवणाने ती ऐकली. ओ द्यावी असं त्याला फार वाटलं. पण इतकी वर्षं कुणालाच दिली नाही, आता कुठल्या तोंडाने द्यायची? लाजेने ते ताटात आक्रसून गेलं.

"कालवणा, ओ दे रे."

"मी करी," ते हळूच म्हणालं.

"आसशील." आवाज ऐकून म्हाताऱ्याने पुढे केलेला हात थांबला. "वास तर त्याचाच हाय. त्याची कोन लागतेस तू?"

"कुणी नाही."

धर्माबाने हात मागे घेतला. त्याने सुनेला दार सताड उघडायला लावलं आणि बाहेर खाडीकडे तोंड करून, उरल्या आवाजात, पुन्हा त्याच नावाने हाक मारली. ताटातलं कालवणही मान वळवून दाराकडे बघू लागलं, कोण येतंय म्हणून.