परळावरचं टिंब

पाखरं माणसांची अक्षरं वाचत, त्या काळची गोष्ट. शाळेतल्या मुलांनी चिंचेखाली पाण्याचा परळ ठेवला आणि त्यावर खडूनं लिहिलं, ‘पाखराचं पाणी’.

“एकाच पाखराचं! म्हणजे माझंच,” म्हणत बुलबुलानं तहानलेल्या सातभाई पक्ष्यांना टोचून पिटाळलं आणि मग तो मान खाली घालून निवांत पिऊ लागला.

तेवढ्यात फांदीवरून कलकलाट झाला, “उड रे, मांजर!” बुलबुल थोडक्यात वाचला.

“मी हाकललं, तरी सावध केलंत?” त्यानं विचारलं.

“कुणीही प्यायला वाकलं, की आमच्यातला एक पहारा देतोच,” म्हातारा सातभाई म्हणाला.

बुलबुलाचे डोळे भरून आले. खडूचा तुकडा चोचीत धरून त्यानं ‘रा’वर टिंब दिलं, ‘पाखरांचं पाणी’. मग तो फांदीवर जाऊन बसला.

“दादा, आता तुम्ही सगळे प्या. पहाऱ्याला मी आहे.”