वाढलेला चरखा

चाकवाडीच्या बिरोबाच्या देवळात शिरलं की देवाआधी नजर पडते ती या चरख्यावर. पाहुणे, जरा मान वर करूनच बघा. माणसाच्या उंचीचं चाक आहे. बाकीच्या गावी बाया चरख्यापाशी मांडी घालून बसतात, आमच्याकडं उभ्यानं सूत काढतात. का, ते विचारलंत म्हणून सांगतो. मी काही पाहिलेलं नाही, माझ्या आजोबांच्या आजोबांनीही नसेल. पण असं सांगतात, की हे चाक मुळात परातीएवढंच होतं.

देवाच्या घोंगडीचं सूत काढायचा मान बाळाईच्या घराचा. जत्रेच्या सकाळी सुताचे गुंडे देवाच्या पायाशी ठेवायचे, मग विणकाम सुरू, अशी रीत. त्या घरात धुरपदा नावाची सून आली. नवरा लग्न होताच मेंढरं घेऊन लांबच्या रानाला गेलेला. जत्रा तोंडावर आली तेव्हा सासूनं म्हणजे बाळाईनं पहिल्यांदाच तिला चरख्यापाशी बसवलं. तिनं मूठ धरून फेरा दिला मात्र, चाकाचे आरे कडाकडा निघाले आणि चाक तिच्या मांडीवर कोसळलं.

बाळाई किंचाळली, "अगं बाई, देवाचा चरखा वाढला!"

मोडला म्हणाली नाही हं ती. देवाधर्माच्या वस्तूला मोडली, फुटली म्हणत नाहीत आपल्याकडं. बांगडी वाढते, मंगळसूत्र वाढतं, तसा चरखाही वाढला. घडीभरात गाव देवळासमोरच्या पारावर जमलं. बाया कुजबुजल्या, पोरगी पांढऱ्या पायाची. सिदू गावडा म्हणजे गावाचा मुख्य, त्याचा शब्द शेवटचा. तो म्हणाला, "देवाचा चरखा वाढला. रीतीप्रमाणे ओढ्यात सोडा. आणि सूनबाईला माहेरी पोचवा, ती परत या गावात नको."

आता माहेरी कोण होतं तिचं? एक म्हातारा बाप, आणि टाकून दिलेल्या लेकीला दारात उभं न करणारी भावकी. पण पोरगी धीटच म्हणायची. डोक्यावरचा पदर सारखा करून गावड्याला म्हणाली, "गावडेमामा, लेकरू वाढलं तर आपण ओढ्यात सोडतो का? कळप वाढला तर सोडतो का? मग चरखा वाढला तर का सोडायचा?"

वाढला नाही, मोडला, असं म्हणावं तर समोर देव. अभद्र बोलायची कुणाची छाती? शेवटी गावडा चिडून म्हणाला, "वाढला ना? मग वाढलेला दाखव. जत्रेच्या सकाळी सूत देवापुढं आलं तर राहा. नाही आलं तर तशीच चालू लाग."

तिनं मोडके आरे ओच्यात बांधले आणि तडक नामा सुताराचं घर गाठलं. नामा म्हणाला, "बाई, देवाचं मोडकं जोडायला माझा हात धजत नाही."

"मोडकं कुठाय, तात्या? वाढलंय. वाढीला लागतील तेवढे लांब आरे द्या."

नामा हसला म्हणे, आणि हसला तो फसला. बाभळीचे नवे आरे त्यानं तासून दिले, जुन्यांहून दुप्पट लांब. बाकीचं तिनं स्वतः केलं. मधला तुंबा खापरीनं खरवडला. पिढ्यान्‌पिढ्यांचा लोकरीचा मेणचट मळ निघाला आणि खालून शिसवाचं लाकूड निघालं, अगदी धड, कुठं कीड नाही. जुने आरेच भुंग्यानं पोखरले होते, दोष तिच्या हाताचा नव्हताच. हे तिला कळलं तेव्हा ती तिथंच बसून रडली. मग डोळे पुसून कामाला लागली. आरे ठोकले, टोकांना दोरी आवळून चाकाची धाव बांधली, लाकडाला जवसाचं तेल चोळलं, आसाला एरंडेल पाजलं. चाक एवढं थोरलं झालं, की खालचे खांब उंच करावे लागले आणि बसायची सोयच उरली नाही.

आणि फिरवलं, तर माळ सुटली. माळ म्हणजे चाकावरून चातीवर, म्हणजे सुताला पीळ देणाऱ्या सळईवर, जाणारी दोरी, तिच्यामुळं चाती फिरते. पुन्हा बसवली, पुन्हा सुटली. जत्रा उद्यावर आली. दारात जमलेल्या बाया म्हणाल्या, हौसेला मोल नाही. धुरपदानं माळ हातातून खाली टाकली.

तेव्हा बाळाई उठली. आरे मोडल्यापासून सुनेशी एक शब्द बोलली नव्हती. पण पोखरलेले आरे तिनंही पाहिले होते. देव्हाऱ्यातली राळ घेऊन आली आणि माळेला चोळचोळ चोळली. "आता धरील. फिरव बाई," एवढंच म्हणाली.

सुनेनं मूठ धरली, सासूनं लोकर. चाकाचा एक फेरा झाला आणि चाती अशी भिरभिरली की बघणाऱ्याचे डोळे फिरावेत. चाक दुप्पट, चातीचे फेरे दुप्पट, सूतही दुप्पट. हसायला आलेल्या बायांनी पदर खोचले आणि लोकर पिंजायला बसल्या. दिवस मावळायच्या आत सुताचे गुंडे उंबऱ्याबाहेर रचावे लागले, घरात जागा नव्हती. सकाळी ढोल वाजले. बाळाईनं गुंड्यांची पाटी सुनेच्या डोक्यावर दिली आणि स्वतः पुढं भंडारा उधळत चालली, मागून चौघांनी चरखा उचलून देवळात आणला. गावड्यानं पाटी उतरून घेतली, चाकापुढं फेटा वाकवला आणि साऱ्या जत्रेला ऐकू जाईल असं म्हणाला, "वाढला गं पोरी. खरंच वाढला."

आजही या गावात सून हातातून काही पाडते, खाटेचा खूर निखळतो, पाटाचा तुकडा उडतो. "वाढलं" म्हणायची रीत आहेच, पण आमच्याकडं ऐकणारा लगेच विचारतो, "किती बोटं?" आणि ती वस्तू तेवढी मोठी करूनच सांधतात. घरोघरचे पाट बघा, एक सरळ सापडायचा नाही. मात्र वस्तू मोडली म्हणून चाकवाडीनं सून माहेरी धाडल्याचं त्यानंतर कुणी ऐकलेलं नाही.